फाटकाआडचा इतिहास: पिंपरी-चाकणच्या नोंदवहीत ४४०बीएक्सला जागा हवी

१/ पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना ठरलेले टप्पे येतात. १९५४ सालची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, आकुर्डीची बजाज, पिंपरीची टेल्को आणि त्यानंतर चाकण. हा सारा इतिहास कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलेल्या मालाचा आहे. फाटकाच्या आत यंत्रांना हुकूम देणाऱ्या संगणकांविषयी मात्र क्वचितच कोणी लिहितो. हा धागा अशाच एका उपेक्षित दुव्याविषयी आहे: १९९८ सालचा इंटेल ४४०बीएक्स हा चिपसेट.

२/ प्रथम चिपसेट म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसर गणिते करतो. परंतु स्मृतीतून माहिती आणणे, डिस्कशी बोलणे, कीबोर्डची कळ दाबली गेल्याची दखल घेणे, ही व्यवस्था दुसऱ्या कोणीतरी पाहावी लागते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ही कामे सुट्या चिपांकडे होती. ८२३७ माहितीची थेट ने-आण करी, ८२५९ उपकरणांच्या हाका क्रमाने प्रोसेसरपर्यंत पोहोचवी, ८२५३ वेळ मोजी.

३/ ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर चिप्स अँड टेक्नॉलॉजीज या अमेरिकी कंपनीने अशा अनेक चिपांचे काम मोजक्या चिपांत सामावले. बोर्ड लहान झाला, स्वस्त झाला आणि पीसीशी सुसंगत संगणक बनवणे अनेकांच्या आवाक्यात आले. प्रोसेसरच्या नावाने जाहिराती झाल्या. पण संगणक गावोगावी पोहोचवण्यात या अनामिक चिपांचा वाटा मोठा होता.

४/ एप्रिल १९९८ मध्ये इंटेलने ४४०बीएक्स बाजारात आणला. त्याचे दोन भाग होते. ८२४४३बीएक्स हा उत्तर सेतू आणि ८२३७१ईबी, म्हणजेच पीआयआयएक्स४ई, हा दक्षिण सेतू. नकाशावर उत्तर वर असते. तसे आराखड्यात प्रोसेसरच्या जवळ तो उत्तर सेतू आणि खाली संथ उपकरणांच्या बाजूला तो दक्षिण सेतू. दोघांना जोडणारा मार्ग होता पीसीआय बस.

५/ उत्तर सेतूकडे वेगाची कामे होती. पेंटियम २ साठी १०० मेगाहर्ट्झची बस त्याने आणली. तोवर इंटेलच्या या घराण्यात ६६ मेगाहर्ट्झ चाले. ६४ बिट रुंदीमुळे स्मृतीकडून सेकंदाला कमाल ८०० मेगाबाइट माहिती येऊ शके. स्मृतीची मर्यादा १ गिगाबाइट होती. चित्रासाठी एजीपीचा स्वतंत्र मार्ग होता आणि दोन प्रोसेसर एकत्र चालवण्याची सोयही होती.

६/ दक्षिण सेतूचे तोंड एकाच वेळी दोन काळांकडे होते. एकीकडे दोन यूएसबी पोर्ट, ३३ मेगाबाइट वेगाची डिस्क जोडणी आणि वीजबचतीची नवी व्यवस्था. दुसरीकडे आयसा बस: १९८१ मध्ये ८ बिटांची जन्मलेली, १९८४ मध्ये १६ बिटांची झालेली आणि साधारण ८ मेगाहर्ट्झच्या सावकाश चालीने चालणारी.

७/ या चिपच्या पोटात ८२३७ चे दोन, ८२५९ चे दोन आणि ८२५४ चा एक, असे जुन्या चिपांचे अवतार जसेच्या तसे बसवलेले होते. जुन्या वाड्याच्या दगडी जोत्यावर नवे मजले चढावेत, तशी ही रचना होती. मजले १९९८ चे आणि जोते १९८१ चे. इतिहासाच्या अभ्यासकाला एवढी स्वच्छ थरांची रचना उत्खननातही सहज सापडत नाही.

८/ जगभरच्या हौशी मंडळींत ४४०बीएक्सची कीर्ती निराळ्या कारणाने आहे. ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए यावर ६६ ऐवजी १०० च्या बसवर चढवला, की तो अनेकदा ४५० ला धावे. पुढे इंटेलने महाग रॅमबस स्मृतीसाठी ८२० हा चिपसेट आणला. त्यावर साधी स्मृती चालवणारी जोडचिप सदोष निघाली आणि २००० मध्ये असे बोर्ड परत घ्यावे लागले. त्यानंतरच्या ८१५ ची स्मृतिमर्यादा ५१२ मेगाबाइटच होती. नव्यापेक्षा जुनाच बरा, असा लौकिक बीएक्सला त्यातून मिळाला.

९/ ही कथा खरी आहे, पण ती खेळ आणि वेगाच्या शौकिनांची आहे. औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने बीएक्सचे महत्त्व त्याच्या सर्वांत मंद भागात, म्हणजे आयसा बसमध्ये होते. पिंपरी, भोसरी, चाकण यांसारख्या ठिकाणांचा संगणकीय इतिहास लिहायचा तर दृष्टी येथे वळवावी लागते.

१०/ आयसा कार्ड बनवणे सोपे होते. काही साध्या तर्कचिपा, एक ८२५५ आणि दोन थरांचा बोर्ड एवढ्यावर यंत्राला चालू-बंद करणारे कार्ड तयार होई. आयबीएमने ३०० हेक्सपासूनचे पत्ते प्रायोगिक कार्डांसाठी मोकळे ठेवले होते. अभियांत्रिकीच्या भारतीय अभ्यासक्रमांत ८२५५ वर्षानुवर्षे शिकवली गेली. ज्याने ती शिकली, त्याला असे कार्ड समजून घेता येई आणि बिघडले तर दुरुस्तही करता येई.

११/ डॉसवरचा प्रोग्रॅम थेट त्या पत्त्यावर आकडा लिही आणि रिले खटकन लागे. मध्ये कोणी अडवणारे नव्हते. पीसीआयमध्ये कार्डाला आधी आपली ओळख सांगावी लागे, पत्ता बायोसकडून घ्यावा लागे. ३३ मेगाहर्ट्झच्या संकेतांसाठी बोर्डही काटेकोर लागे. विंडोज एनटीने तर सामान्य प्रोग्रॅमला पोर्टपर्यंत थेट जाण्यास मनाईच केली. मोठ्या उत्पादकाला हे पेलवे; लहान शेडमधील तंत्रज्ञाला ते जड होते.

१२/ मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी आयसाला निरोप देण्याचे ठरवले होते. १९९९ च्या ८१० चिपसेटच्या रचनेतून आयसाचा थेट आधार गेला. त्यामुळे बीएक्स उंबरठ्यावर उभा राहिला: पेंटियम ३ चालवण्याइतका नवा आणि जुने कार्ड ओळखण्याइतका जुना. औद्योगिक संगणक बनवणाऱ्यांनी तो उचलला. पाठफलकावर प्रोसेसरचे एक कार्ड आणि शेजारी आयसा व पीसीआय कार्डांच्या खाचा, अशा बांधणीत हा चिपसेट जगभर गेला.

१३/ यामागे वयाचे साधे गणित आहे. टेबलावरचा संगणक चार-पाच वर्षांत जुना होतो. लेथ, प्रेस किंवा चाचणीयंत्र वीस-पंचवीस वर्षे चालते. मोठ्या कारखान्याने काढलेले यंत्र लहान शेडमध्ये दुसरे आयुष्य जगते. यंत्राचे लोखंड टिकते. अडचण येते ती त्याच्या मेंदूची. त्या मेंदूला सुटा भाग मिळेल की नाही, यावर लहान उद्योजकाचे कर्ज आणि कामगाराचा रोजगार अवलंबून असतो.

१४/ १९९८ हे वर्ष पुणे परिसरासाठी दोन मोठ्या घटनांचे होते. सी-डॅकचा परम १०००० हा महासंगणक त्या वर्षी साकार झाला आणि डिसेंबरमध्ये टेल्कोची इंडिका बाजारात आली. पुढच्याच वर्षी बजाजने चाकणला कारखाना उभारला. परम आणि इंडिका यांना इतिहासात योग्य ती जागा मिळाली. शेडमधल्या धुळकट पेटीला ती मिळाली नाही. मालमत्तेच्या नोंदवहीत यंत्राचे नाव आणि किंमत लिहिली जाते. आतल्या बोर्डाचे नाव लिहिण्याची रीत नाही.

१५/ यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की अमेरिकेत आखलेला चिपसेट पिंपरीचा इतिहास कसा? याचे उत्तर इंडिकाच देते. तिच्या उत्पादनासाठी टेल्कोने ऑस्ट्रेलियातील निस्सानच्या बंद पडलेल्या कारखान्याची यंत्रसामग्री विकत घेतली, ती सुटी करून समुद्रमार्गे आणली आणि पुण्यात पुन्हा उभी केली. तरीही इंडिकाला कोणी परकी म्हणत नाही. वस्तू कोठे जन्मली याइतकेच, ती कोणाच्या हातात कशी राबली हेही इतिहासाचे विषय आहेत.

१६/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुन्या बोर्डांत शिसे असते, त्यांचे कॅपेसिटर फुगतात आणि प्रत्येक खोका जपला तर शहराचे गोदाम होईल. हे मान्यच केले पाहिजे. ई-कचऱ्याचे नियम देशात मे २०१२ पासून लागू आहेत आणि शास्त्रीय पुनर्चक्रीकरण अत्यावश्यक आहे. परंतु नियमांचा प्रश्न ‘विल्हेवाट कशी लावावी’ हा आहे. ‘विल्हेवाटीपूर्वी काय टिपून ठेवावे’ हा प्रश्न समाजाने स्वतः विचारायचा असतो.

१७/ हा प्रश्न तातडीचा आहे. चिखली-कुदळवाडी हा भाग भंगाराच्या व्यवसायासाठी ओळखला जात असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथे मोठी अतिक्रमणविरोधी कारवाई केली आणि भंगाराची गोदामे मोठ्या संख्येने हटवली गेली. त्या कारवाईची योग्यायोग्यता हा वेगळा विषय आहे. ज्या वाटेने जुनी यंत्रे फिरत असतात त्या वाटाही कायमच्या नसतात, एवढे मात्र त्यातून दिसते.

१८/ बोर्ड नष्ट होतो तेव्हा केवळ ताम्र आणि सिलिकॉन जात नाही. कोणता जंपर कोठे होता, कोणत्या कार्डाला कोणता इंटरप्ट दिला होता, डॉसच्या फ्लॉपीवर कोणती फाइल आधी चालवावी लागे, हे ज्ञान कित्येकदा एकाच माणसाजवळ असते. तो निवृत्त झाला की यंत्र मुके होते. गडाच्या चोरवाटा जाणणारा शेवटचा माणूस जावा, तसेच हे घडते.

१९/ संगणकविश्वाने ४४०बीएक्सला एका अर्थी अमर केले आहे. व्हीएमवेअरचा आभासी संगणक दीर्घकाळ याच चिपसेटचे रूप धारण करीत आला. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीच्या पहिल्या पिढीनेही तेच केले. आजच्या बलाढ्य सर्व्हरवर चालणारी प्रणाली स्वतःला १९९८ च्या बोर्डावर समजते. पण आभासी यंत्रात आयसाचे खरे कार्ड खोचता येत नाही. प्रोग्रॅम वाचतो, प्रेसला लागलेली तार वाचत नाही.

२०/ म्हणून मागणी माफक आहे. यंत्र भंगारात देण्यापूर्वी बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, बायोस आणि डिस्कची प्रत काढावी, कार्डांची जागा व जंपर टिपावेत आणि ते चालवणाऱ्याची अर्ध्या तासाची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. प्रत्येक प्रकारचा एकच चालता नमुना जपला तरी पुरे. चिंचवडचे सायन्स पार्क किंवा परिसरातील एखादे अभियांत्रिकी महाविद्यालय यासाठी एक कपाट देऊ शकेल.

२१/ हे काम तरुण इतिहासप्रेमींना शोभणारे आहे. मोडी वाचण्यासाठी जसे वर्ग भरतात, तसे बोर्ड वाचण्याचेही भरावेत. बखरी आणि ताम्रपट जपणाऱ्या परंपरेला ८२४४३बीएक्स हा शिक्का वाचणे अवघड नाही. आकुर्डीत बजाजचे वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. त्या गाड्यांचे नमुने आणि छायाचित्रे पुष्कळ मिळतात. यंत्रांच्या आतल्या बोर्डांपैकी निदान काहींचे तरी छायाचित्र पुढच्या पिढीला मिळावे, यासाठी हाताशी असलेला काळ फार नाही.