लाल ठिपका आणि कोरडा घसा

आता शाळाशाळांतून गॅदरिंगचे वारे वाहू लागले असतील. मधल्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर ठेका धरणारे तबलजी प्रत्येक वर्गात असतातच, त्यांचीही चंगळ!

आज मात्र एका पत्रापासून सुरुवात करतो. पत्र लिहिणारी मुलगी सातवीत आहे. नाव सांगत नाही, कारण ‘नाव छापू नका’ असं तिने दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा खाली रेघसुद्धा मारलीय. ती चौथीपासून गाणं शिकते. एका आंतरशालेय स्पर्धेसाठी तिला मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं होतं. हेच गाणं ती घरात भांडी लावता लावता झकास म्हणते. पण आईने मोबाइल समोर धरला आणि पडद्यावरचा तो लाल ठिपका दिसला, की घसा कोरडा! आधी दुसरी ओळ विसरली. मग आवाज चिरकला. मग सुरुवातच वरच्या पट्टीत झाली. असं अकरा वेळा झालं आणि अकराव्या वेळी तिला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना सांगितलं, “माझा घसा बसलाय.” बाईंनी महिनाअखेरपर्यंत वाट बघायचं कबूल केलंय, नाहीतर दुसऱ्या मुलीचं नाव देणार आहेत. पत्राच्या शेवटी तिने विचारलंय, “काका, मी भित्री आहे का?”

आता हिला काय उत्तर द्यावं? मी तिला पाब्लो कासाल्स यांची गोष्ट सांगणार आहे. कासाल्स हे स्पेनमधले चेलोवादक. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या चेलोवादकांत यांचं नाव घेतलं जातं. १९०१ साली ते अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका डोंगरावर फिरायला गेले. वरून एक दगड घरंगळत आला आणि नेमका डाव्या हातावर पडला. बोटं चेचली. तेव्हा त्यांच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? सुटलो बुवा, आता पुन्हा चेलो वाजवायला नको! हे त्यांनी स्वतःच पुढे आपल्या आठवणींत सांगून टाकलंय. कार्यक्रमाआधीची धास्ती त्यांना आयुष्यभर पुरली. हात बरा झाला, धास्ती काही गेली नाही, आणि १९७१ साली संयुक्त राष्ट्रसंघात ते वयाच्या ९४व्या वर्षी चेलो वाजवत होते. सांगा बरं, भित्रे म्हणायचं का यांना?

मग ही धास्ती येते तरी कुठून? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. समोर संकट आहे असं मेंदूला वाटलं, की ती ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं. हृदय धडधडतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे धावतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ कमी होते, म्हणून घसा कोरडा. श्वास वरवरचा आणि तोकडा होतो, म्हणून लांबवलेला सूर थरथरतो. वाघ समोर आला असता तर हे सगळं फार उपयोगाचं होतं. पण समोर असतो मोबाइल, आणि शरीराला बिचाऱ्याला वाघ आणि मोबाइल यांतला फरक कळत नाही!

गंमत अशी, की परीक्षा संपून सुट्टी लागली किंवा सहलीची बस सुटली, की तेव्हाही छाती अशीच धडधडते. हार्वर्ड विद्यापीठातल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी हेच धरून काही प्रयोग केले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी काही लोकांना अनोळखी माणसासमोर गाणं म्हणायला लावलं. त्याआधी काहींनी स्वतःला ‘मला भीती वाटतेय’ असं सांगायचं, काहींनी ‘मला फार उत्साह वाटतोय’ असं सांगायचं. धडधड दोघांचीही होतीच. पण उत्साह म्हणणारे जास्त सुरात गायले.

आता माझीही फजिती सांगून टाकतो. आठवीत असताना गॅदरिंगमध्ये मी एक भावगीत म्हणणार होतो. बसवलं होतं काळी एकमध्ये. पडदा वर गेला, समोर ती एवढी डोकी दिसली, आणि मी पेटीचा सूर न घेताच सुरू केलं. इतक्या वरून, की अंतऱ्यापर्यंत आवाज पोचेचना. पेटीवाले सर बिचारे माझी पट्टी शोधत राहिले. मी मध्येच थांबलो, नमस्कार केला आणि चक्क आत निघून गेलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते तर फारच वाईट होतं.

तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, की घाबरलेला माणूस हमखास वर लावतो आणि लय पळवतो. म्हणून सुरुवातीला ‘सा’ नीट ऐकायचा, मनात धरायचा आणि मगच तोंड उघडायचं. त्याआधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा, घेतला त्याच्यापेक्षा लांब. आणि ओळ विसरली तर थांबायचं नाही. ठेका चालू असतो ना! मध्य लयीत केरव्याच्या आठ मात्रा चार-पाच सेकंदांत होतात. एक आवर्तन जाऊ द्यायचं आणि पुढच्या समेवर उचलायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय छान जागा सोडली!

तालमीतली एक युक्ती मला फार आवडते. जिना दोनदा धावत चढून या आणि धापा टाकत असतानाच गाणं म्हणा. छाती धडधडत असतानाही गाता येतं, हे गळ्याला एकदा कळून जातं. (खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा हं!) आणि गाणं नेहमी पहिल्या ओळीपासूनच म्हणू नका. दुसरा अंतरा, तिसरी ओळ, कुठूनही उचलायची सवय करा.

रेकॉर्डिंगची तऱ्हा थोडी निराळी. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा माइक नव्हताच. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचं, तेही तीनेक मिनिटांत सगळं बसवून. चूक पुसायची सोय नाही. आपल्याकडे हव्या तितक्या वेळा पुसायची सोय आहे, आणि खरी पंचाईत तीच! दर वेळी मागची चूक डोक्यात घेऊन आपण पुढचं गातो. म्हणून तीनच वेळा रेकॉर्ड करायचं, मध्ये एकदाही ऐकायचं नाही. त्याहून सोपं म्हणजे रियाजाला बसतानाच रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल पालथा ठेवून द्यायचा. दहा-पंधरा मिनिटांनी त्याचा विसर पडतो. मग गाणं म्हणायचं.

आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. पाहुणे आले, की “म्हणून दाखव बरं” असं अचानक सांगू नका. पहिल्या रांगेत बसून ओठांनी शब्द पुरवू नका, मुलं तुमच्या तोंडाकडेच बघत राहतात. आणि “घाबरू नकोस” हे वाक्य तर नकोच, त्यातला फक्त ‘घाबरू’ तेवढा कानात राहतो.

आणि सातवीतल्या मैत्रिणी, घसा बसला नव्हता, भीती वाटली होती, हे बाईंना सांगून टाक. अवघड आहे, मला ठाऊक आहे. दुसऱ्या मुलीचं नाव द्यायचं की नाही, ते त्यानंतर तुम्ही दोघी मिळून ठरवा. बाई काय म्हणाल्या ते मला मात्र कळव. नाव या वेळीही छापणार नाही.