गांधीलमाशी, मधमाशी आणि नगरची लुना

परवा नातवाला घेऊन संगमनेरच्या बसस्थानकाबाहेर उभा होतो. टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेली एक ॲपे रिक्षा समोर येऊन थांबली. ‘आजोबा, ॲपे म्हणजे काय हो?’ नातवाने विचारले. बँकेत असताना या गाडीसाठी मी कर्जाची कितीतरी प्रकरणे केली. पण नावाचा अर्थ शोधावा असे कधी सुचले नव्हते. घरी येऊन शोधला. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी आणि ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी!

या दोन्ही माश्यांचे पोळे एकच, पियाज्जिओ कंपनी. इटलीच्या वाहनउद्योगाचा आरंभीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. ट्युरिनची फियाट १८९९ मध्ये मोटारींसाठीच निघाली. पण इतर अनेकजण भलत्याच धंद्यातून इकडे आले. बोलोन्याची डुकाटी १९२६ मध्ये सुरू झाली ती रेडिओचे सुटे भाग बनवायला. लॅम्बोर्गिनीने महायुद्धानंतर आधी ट्रॅक्टर जुळवले. मोटारी १९६३ पासून. १८८४ ची पियाज्जिओ जहाजांच्या अंतर्भागाचे काम करता करता रेल्वेच्या डब्यांकडे आणि तिथून विमानांकडे वळली.

दुसऱ्या महायुद्धात तिचा पोन्तेदेरा येथील विमानांचा कारखाना बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला. लढाई संपली तेव्हा विमानांना गिऱ्हाईक नव्हते, रस्ते उखडलेले आणि लोकांचे खिसे रिकामे. एन्रिको पियाज्जिओने ओळखले, की आता लोकांना हवे आहे ते स्वस्तातले वाहन. ते काम त्याने विमानांचा अभियंता कोरादिनो दास्कानिओ याच्याकडे सोपवले. या गृहस्थाला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. साखळीच्या तेलाने कपडे खराब होतात, चाक पंक्चर झाले की काढता येत नाही, बायकांना बसता येत नाही, या त्याच्या तक्रारी. म्हणून त्याने साखळीच काढून टाकली, गिअर हँडलवर आणला, विमानासारखे एका बाजूने निघणारे चाक लावले. १९४६ मध्ये व्हेस्पा आली. १९४८ मध्ये तिची मालवाहू बहीण आपे.

पुढे समोर उभे पोर, मागे नऊवारीतली आजी आणि पायांशी भाजीची पिशवी असा आपला अख्खा संसार त्या रचनेत सहज मावला. बजाजने साठच्या दशकाच्या सुरुवातीला परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीची ‘चेतक’ आली. त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, फिरोदियांच्या कायनेटिकने पियाज्जिओच्याच ‘चाओ’ मोपेडच्या धर्तीवर लुना काढली. दुधाच्या किटल्या अडकवलेली लुना आमच्या तालुक्यात कुणी पाहिली नाही?

पण इथेच आपली आणि इटलीची वाट वेगळी झाली. तिथे गरजेतून गाडी जन्मली. आपल्याकडे गरज प्रचंड होती, पण किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवत असे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. माझ्याकडे एक शिक्षक कर्जासाठी आले होते. नोंदणी केली तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत होती. गाडी आली तेव्हा ती मॅट्रिकला बसली होती. ‘साहेब, आता हिच्या लग्नात देईन,’ ते हसून म्हणाले.

गिऱ्हाईक रांगेत उभे असले, की माल बदलण्याची निकड कुणाला वाटणार? १९९१ नंतर बाजार खुला झाला, लोक मोटारसायकलीकडे वळले आणि २००९ मध्ये बजाजने स्कूटर सोडण्याचा निर्णय जाहीर केला. हे एका कंपनीचे अपयश नव्हे. तीच कंपनी पुढे मोटारसायकलींची मोठी निर्यातदार झाली. पुणे-नगर पट्ट्यातल्या लहान-मोठ्या कारखान्यांत कारागिरांचा जो हात तयार झाला, तो त्या परवान्याच्या काळातच. वाया गेला तो रांगेतला काळ.

आता पुन्हा एक वळण आले आहे. २०२० मध्ये चेतक विजेवर धावू लागली, २०२४ मध्ये लुनाही. बारामतीच्या पियाज्जिओतून विजेची ॲपे निघते. नावे जुनी, ओळखीची. पण या गाड्यांचा जीव असलेल्या बॅटरीतले लिथियम सेल आजही बहुतांशी परदेशातूनच येतात. पूर्वी आराखडा उसना होता, आता जीव उसना आहे.

मध्यंतरी ओळखीचा एक तरुण विजेची तीनचाकी घेऊ का, म्हणून विचारायला आला. मी सवयीने हप्ता मांडून दाखवला. तो म्हणाला, ‘हप्ता भरीन हो काका. पण बॅटरी संपली की नवी कितीला पडेल?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. दास्कानिओने काम सुरू केले ते अशाच साध्या तक्रारींपासून. आमच्या घाटरस्त्यांवर, आमच्या उन्हात, टोमॅटोच्या भावावर हप्ता फेडणाऱ्याच्या खिशाला परवडेल अशी बॅटरी इथेच कुणी घडवली, तर या साऱ्या शिकण्याचे चीज होईल. नाहीतर पुन्हा नंबर लावणे आहेच.

नातवाला अर्थ सांगितला. तो म्हणाला, ‘मग आपल्या माशीचं नाव काय, आजोबा?’