फौजीची सोडचिठ्ठी



या सदरात आपण बी-बियाणे, खते आणि किडी यांच्या गोष्टी करतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण तो आला तो शेताच्या बांधावरूनच.

मागच्या महिन्यात दिग्रस तालुक्यातल्या एका गावी बैठक घेतली. कपाशीची फरदड ठेवू नका, बोंडअळीला आयते घर मिळते, हे दरवर्षीचे सांगणे. चहा झाला, मंडळी पांगली, आणि एक गृहस्थ मागे थांबले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पाचशेचा स्टँपपेपर काढला.

"साहेब, हे वाचून पाहा जी. पोरीनं यावर सही करावी का नाही, तेवढं सांगा."

जावई लष्करात शिपाई. लग्नाला सहा वर्षे झालेली, चार वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपासून मुलगी माहेरी आहे आणि पगारातला एक पैसा येत नाही. कागदावर लिहिले होते की, आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, दीड लाख रुपये रोख मिळाले, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही. खाली पाच पंचांच्या सह्यांची जागा मोकळी होती.

मी शेतकीचा पदवीधर, वकील नव्हे. "काका, आठ दिवस सही करू देऊ नका," एवढेच सांगून आलो. मग यवतमाळला एका वकील मित्राकडे बसलो आणि एका निवृत्त सुभेदारसाहेबांनाही भेटलो. जे कळले ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण फौजेत मुलगा किंवा जावई असलेली घरे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत.

पहिली गोष्ट, फौजीसाठी घटस्फोटाचा वेगळा कायदा नाही. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो, मग नवरा सीमेवर असो की शेतावर. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांचे कायदे निराळे. स्टँपपेपर नोटरीपुढे केला आणि पंचांनी सह्या केल्या, तरी त्याने लग्न मोडत नाही. त्याला कोर्टाचा हुकूमनामा लागतो.

काडीमोडीची चाल असलेल्या समाजांचे काय, असे कोणी विचारील. ती चाल कायद्याने राखली आहे, आणि गोंड, कोलाम, आंध अशा अनुसूचित जमातींना तर हा कायदा मुळातच लागू नाही. पण आपल्यात अशी रूढी पूर्वापार आहे, हे वाद झाल्यास कोर्टात सिद्ध करावे लागते. फौजेच्या कचेरीला नुसत्या पंचांच्या कागदाने समाधान नाही; तिला कोर्टाचा कागद दाखवावा लागतो.

जवानाचे लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने होते आणि रेकॉर्ड ऑफिसात जाते. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, गार्ड्सचे आपल्या शेजारी कामठीला. त्या कागदावर पत्नी म्हणून जिचे नाव आहे, तीच हुकूमनामा होईपर्यंत पत्नी. स्टँपपेपरच्या भरवशावर जवानाने दुसरे लग्न केले तर ते कायद्याने रद्दच, शिवाय फौजेचा नियमभंग झाला म्हणून कारवाई ती वेगळीच. त्या दुसऱ्या मुलीलाही पुढे पेन्शन मिळणे कठीण. म्हणजे एका कागदाने दोन घरच्या मुली अडकतात. वरपक्षाच्या मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे.

आता पोटगीकडे वळू. आपली समजूत अशी की, कोर्टातून हुकूम आणला की पगार जप्त होतो. सरकारी बाबूच्या बाबतीत काही प्रमाणात होतोही, पण १९५० च्या आर्मी अॅक्टचे कलम २८ म्हणते की, सैनिकाचा पगार आणि भत्ते दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी जप्त होणार नाहीत. हे ऐकून मीही चपापलो. मग बाईने खावे काय?

सुभेदारसाहेब हसले. म्हणाले, "दार बंद आहे, पण खिडकी उघडी आहे." त्याच कायद्याचे कलम ९१ आहे, अधिकाऱ्यांकरिता कलम ९०. जवान बायको-मुलांना सांभाळीत नसेल तर लष्करच त्याच्या पगारातून रक्कम कापून त्यांना देऊ शकते. त्यासाठी आधी कोर्टात जाण्याची गरज नाही. पत्नीने त्याच्या कमांडिंग ऑफिसरला साधा अर्ज करायचा. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, बँकेच्या पासबुकाची नक्कल, कधीपासून पैसे येत नाहीत त्याची हकीकत, आणि जवानाचा आर्मी नंबर व युनिट. पत्ता 'केअर ऑफ ५६ एपीओ' असा असतो. जवानाकडून खुलासा मागवतात आणि मग निर्णय होतो. पत्नीला पगार-भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, आणि मुलांसह सारे मिळून ३३ टक्क्यांपर्यंत, अशी मर्यादा आहे. धर्म कोणताही असो, हा मार्ग सर्वांना आहे.

आर्मी नंबर! अर्ध्या घरांतून मुलीला तोच ठाऊक नसतो. जुनी मनिऑर्डर, कँटीन कार्ड, आंतरदेशीय पत्र, कुठेतरी तो असतोच. शोधून वहीत लिहून ठेवावा. भांडण असो वा नसो.

सीआरपीएफ आणि बीएसएफ यांनाही आपण फौजच म्हणतो, पण त्यांचे कायदे वेगळे आहेत. तिथली चौकशी त्यांच्याच कचेरीत करावी.

लष्कराकडे अर्ज केला म्हणून कोर्ट बंद होत नाही. पूर्वीचे पोटगीचे कलम १२५ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी. म्हणून आज-उद्या करीत बसू नये.

आणि मुलगी माहेरी राहात असेल तर घटस्फोटाचा दावा तिला माहेरच्या भागातल्या कोर्टात लावता येतो. २००३ च्या दुरुस्तीने ही सोय झाली. सागर-बेळगावच्या खेपा नकोत. नोटीस जवानाला त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जाते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता वकील फुकट मिळतो. त्यासाठी यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे अर्ज द्यावा. जुलै २०२५ मध्ये सैनिकांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजनाही निघाली आहे. तिची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

जवानाची बाजूही सांगितली पाहिजे. बर्फात ठाण्यावर असलेला मुलगा तारखेला कसा येणार? त्याच्याकरिता १९२५ चा सैनिक दावे कायदा आहे. युद्धाच्या किंवा खास परिस्थितीतल्या नेमणुकीवर असल्याचा दाखला वरिष्ठांनी दिला तर कोर्ट काम थांबवते. दाव्यासाठी रजा घेऊन आला तर त्या रजेतच काम चालवण्याचा कोर्टाने होईल तितका प्रयत्न करावा, असेही आर्मी अॅक्टमध्ये आहे. नोकरीमुळे दूर राहणे म्हणजे बायकोला टाकणे नव्हे, आणि क्वार्टर नाही म्हणून बाई गावी सासू-सासऱ्यांपाशी राहिली तर तिनेही नवऱ्याला टाकले असे होत नाही. कायद्यात टाकणे म्हणजे सोडण्याच्या इराद्याने सलग दोन वर्षे वेगळे राहणे.

अर्जात मीठ-मिरची लावू नये, हेही मित्राने बजावले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका लष्करी अधिकाऱ्याचे प्रकरण होते. पत्नीने वरिष्ठांकडे बदनामीच्या तक्रारींवर तक्रारी केल्या, चौकशी बसली, त्याची बढती अडली. न्यायालयाने ही मानसिक क्रूरता मानून त्याला घटस्फोट दिला. खावटी मागणे हा हक्क आहे. तेवढे आणि खरे लिहावे.

दोघांनाही सुटायचेच असेल तर संमतीचा रस्ता आहे. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे, मग दोघांनी मिळून अर्ज द्यायचा आणि सहा महिने थांबायचे. २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणी कोर्ट हे सहा महिने माफही करू शकते. पण सही करण्याआधी हिशेब मांडावा. हुकूमनामा झाला की फॅमिली पेन्शनवरचा, फौजी दवाखान्याचा आणि कँटीनचा पत्नीचा हक्क जातो. लष्कराची खावटी पत्नीसाठी असते, म्हणून पुढची पोटगी किंवा एकरकमी रक्कम हुकूमनाम्यातच लिहून घ्यावी. मुलाचा हक्क मात्र आईच्या घटस्फोटाने जात नाही, पेन्शनवरचाही नाही आणि वडिलोपार्जित शेतीतलाही नाही. जवान पंधरा-सतरा वर्षांत निवृत्त होऊ शकतो आणि पगार थांबला की पगारातली कपातही थांबते, हाही विचार करावा. २०२२ पासूनचा अग्निवीर असेल तर नोकरी चारच वर्षांची, आणि तिला पेन्शन नाही.

मुलाचे आणि बाईचे पुढचे आयुष्य, त्यापुढे दीड लाख म्हणजे काय? दीड एकर कपाशीचा खर्च आणि एक बैलजोडी, एवढ्यात ते संपतात.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. कोऱ्या जागेवर सही झाली नाही. अर्ज स्पीड पोस्टाने युनिटला गेला, त्याची पावती मुलीने स्वतः जपून ठेवली आहे. मुलगी विधी सेवेच्या वकिलाला भेटून आली. सासरकडून दोन माणसे बोलणी करायला आली होती. मुलीने त्यांना चहा दिला आणि सांगितले, जे बोलायचे ते आता कोर्टासमोर बोलू.

"आणि फरदड?" मी विचारले.

"उपटतो जी, या हप्त्यात," काका म्हणाले.