किल्ली हाती देऊन संपणारी करुणा

आपत्ती ओसरून दोन-चार महिने लोटले की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘आता त्यांनी सावरायला हवे.’ मदत करणारा ते कळवळ्याने उच्चारतो, अधिकारी सुटकेचा निःश्वास टाकून. आमचा आक्षेप नेमका या वाक्यावर आहे. सगळा भार ‘त्यांनी’ या एका शब्दावर टाकून बोलणारा स्वतः मोकळा होतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन करून माणसे निजली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदांचे ओझे झोपलेल्यांवरच कोसळले. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. सामुदायिक चिता रचाव्या लागल्या. कित्येकांना आपल्या माणसाचे मुख शेवटचे पाहताही आले नाही.

त्यानंतर महाराष्ट्र धावला, हे नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथील घरांचे आकार मात्र पाहा : जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. हिशेबाला हे सोयीचे होते. पण सारख्या आकाराची घरे एकत्र बांधल्याने जुन्या गल्लीतला शेजार अनेक ठिकाणी विस्कटला. ज्या ओट्यावर बसून आईने गेलेल्या लेकराचे नाव काढले असते तो ओटा ढिगाऱ्याखाली गेला, आणि ते नाव ओळखणारी शेजारीण नव्या गावाच्या दुसऱ्या टोकाला. भिंती पक्क्या झाल्या, एवढे खरे.

खेडूत माणूस मुळातच सोशिक, असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. १९९६ साली या भूकंपातून वाचलेल्यांची एक पाहणी अमेरिकेतील मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत निदान करता येण्याजोगा मनोविकार आढळला. पाहणी लहान होती, तिच्यावरून सर्व गावांचा आकडा काढणे गैर. परंतु सोशिकतेच्या गोष्टी सांगणाऱ्यांचे तोंड बंद करण्यास ती पुरेशी आहे.

‘आधी भाकरी, मग मन’ असेही म्हटले जाते. मुकाबला भाकरी आणि मन यांच्यात आहे असे कोणी ठरवले? रात्र रात्र डोळ्याला डोळा न लागणारा, छताखाली झोपायला न धजणारा माणूस पेरणीला उभा कसा राहणार, याचे उत्तर या मंडळींनी द्यावे.

दुसऱ्या टोकाला असतात ते वही-पेन्सिल घेऊन धावणारे. आपद्ग्रस्ताला पहिल्याच आठवड्यात ‘बोलते करावे’, सारे काही सांगायला लावावे, म्हणजे मन हलके होते, अशी पद्धत काही काळ जगभर रूढ होती. तिचा लाभ होत नाही, काहींना उलट इजाच होते, असे पुढे अभ्यासांतून दिसले आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती वापरू नये असे सांगितले. दर वर्षदिनी कॅमेरा रोखून ‘त्या रात्री काय झाले?’ असे विचारणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवे. शोक ज्याचा आहे त्याचा आहे. सांगायचा की नाही, कधी आणि कोणाला, हे त्यानेच ठरवावे.

ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढ्यापुरते ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले तेव्हा बिघडले. ‘देवाची इच्छा’ हे शब्द दुसऱ्याच्या मेलेल्या लेकराविषयी उच्चारण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिलेला नाही. आणि शोकाकुलाचे घर हे धर्मप्रसाराचे क्षेत्र तर नव्हेच. आपण स्वतः दर नोव्हेंबरात दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईसाठी मिस्सा सांगतो. ‘आता पुरे’ असे आपल्याला कोणी म्हणत नाही. मग हीच मुभा किल्लारीच्या, माळीणच्या, इरशाळवाडीच्या माणसांना का नसावी?

करता येण्याजोगे फार अवघड नाही. २००१ च्या भूकंपानंतर लातूरकडच्या खेड्यांतील स्त्रिया कच्छला गेल्या. स्वतः ढिगाऱ्यातून उठलेल्या त्या बायांना तिथल्या बायांशी काय बोलावे हे शिकवावे लागले नसेल. आपद्ग्रस्तांच्या मानसिक आधारासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. कागद आहे. उणीव आहे ती पाचव्या वर्षी पुन्हा त्याच दारात जाणाऱ्या माणसाची, आणि त्याच्या प्रवासखर्चाची.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुढील आपत्तीच्या वेळी मिस्सानंतर वर्गणीची थैली फिरेल, तेव्हा जमलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा तिसऱ्या आणि पाचव्या वर्षासाठी बाजूला काढावा. तो कोणाच्या हाती राहील, कोणत्या गावी जाईल आणि तेथे कोण जाईल, हे धर्मग्रामाच्या पत्रकात छापावे. ज्यांना पुन्हा जाणे जमणार नाही त्यांनी कपड्यांची गाठोडी जरूर पाठवावीत. ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ असा फलक मात्र त्या ट्रकवर लावू नये.