पुढे पाठवणे म्हणजे उपचार नव्हे

8 जुलै 1992 रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर शेतमजूर संघटनेचा एक सभासद गाडीतून पडला. डोक्याला गंभीर इजा झालेल्या त्या माणसाला सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही, अशी कारणे सांगून परत धाडले. संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. 1996 साली न्यायालयाने निर्वाळा दिला की, वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

या निर्णयाची कसोटी शहाडला लावून पाहावी. कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना लागणारे हे पहिले स्थानक. एका अंगाला उल्हासनगर, दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली. गच्च भरलेल्या गाड्या आणि रसायनांशी खेळणारे कारखाने ही येथील श्रमिकांची नित्याची सोबत. 23 सप्टेंबर 2023 रोजी सेंच्युरी रेयॉनमधील स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले. अशा जखमींची वाट ठरलेली आहे: उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा कल्याणचे रुक्मिणीबाई, तेथून कळवा, नाहीतर थेट शीव.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याच्या 500 खाटांच्या पालिका रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. अनेक रुग्ण अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, असे प्रशासनाने सांगितले. ते खरे मानले तरी प्रश्न संपत नाही. तेथूनच तो सुरू होतो. हे रुग्ण आधी कोठे होते आणि किती तास वाया गेले? रुग्ण पुढे पाठवला की पहिल्या रुग्णालयाच्या वहीतून त्याचे नाव पुसले जाते आणि मृत्यू शेवटच्या रुग्णालयाच्या खात्यावर पडतो. दोघांमधील रस्त्यावर जे घडते, त्याचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही.

शासन गाड्या मोजते. 2014 साली 108 क्रमांकाची सेवा 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, हे चांगलेच झाले. परंतु गाडी पोहोचणे आणि माणूस वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरीची मोजदाद अशक्य नाही. 2013 ते 2015 या काळात शीव व केईएमसह मुंबई, दिल्ली व कोलकात्याच्या चार सार्वजनिक रुग्णालयांत 16 हजारांवर जखमींची सविस्तर नोंद ठेवली गेली. जे संशोधकांना जमले, ते शासनाला का जमू नये?

म्हणून मागणी नेमकी हवी. अपघाताची वेळ, पहिल्या उपचाराची वेळ, पुढे पाठवण्याचे कारण आणि तीस दिवसांनंतरची रुग्णाची स्थिती यांची नोंद प्रत्येक सार्वजनिक व खाजगी रुग्णालयाने ठेवावी. ती महापालिकेने दर तिमाहीस जाहीर करावी. आगाऊ पैशाविना तातडीचे उपचार देण्याचा कायदा राजस्थानने 2023 साली केला. महाराष्ट्रानेही तो करावा. स्थानिक कार्यकर्त्यांनी हे आकडे महासभेपुढे मागितले पाहिजेत. ज्या मृत्यूचा हिशेब मागितला जात नाही, तो मृत्यू पुन्हा घडतो; आणि तो बहुधा श्रमिकाच्याच घरी घडतो.