यंत्राला स्पर्श कळू द्या, पण आधी माणसाला!

विद्यार्थी मित्रांनो, एक छोटा प्रयोग करा. डोळे मिटा आणि दप्तरात हात घालून खोडरबर शोधा. सापडलं ना? वही, पेन्सिल, डबा सगळं हाताला लागलं, पण खोडरबर कुठलं ते बोटांनीच सांगितलं.

ज्ञानेंद्रियांचा पाठ शिकवताना आम्ही शिक्षक त्वचेला शेवटी घेतो आणि दोन वाक्यांत उरकतो. यंत्रमानव बनवणाऱ्यांना मात्र हेच इंद्रिय फार जड गेलं. कॅमेरा लावला की यंत्राला डोळा मिळतो, माइक लावला की कान मिळतो. पण अंडं उचलायचं म्हटलं की पंचाईत! जोर जास्त झाला तर अंडं फुटतं, कमी झाला तर निसटतं.

यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक त्वचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनान बाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली असा सेन्सर दाखवला, की त्यावर साधी माशी ठेवली तरी तिचा भार कळत असे. त्याची रचना समजायला सोपी आहे. वर-खाली वीजवाहक थर आणि मध्ये रबराचा पातळ पापुद्रा. या रबरावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक पिरॅमिड असतात. दाब पडला की ते चेपतात, दोन थरांमधलं अंतर कमी होतं आणि विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. तो बदल मोजला की दाब किती ते समजतं.

आता माझं मत सांगते. हे संशोधन रोबोटच्या हाताला लागण्याआधी माणसाच्या हाताला लागलं पाहिजे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचा हात कडबाकुट्टीत गेला. आता ते खांद्याच्या पट्ट्यावर उघड-मीट होणारा कृत्रिम हात वापरतात. ती एकदा म्हणाली, "मॅडम, पप्पा त्या हातानं माझं बोट धरतात, पण मी सोडवून घेतलं तरी त्यांना कळत नाही. बघावं लागतं." त्या दिवशी पुढचा पाठ मला घेताच आला नाही.

हे अशक्य नाही बरं का! २०१८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम हाताच्या बोटांवर कापड आणि रबराची संवेदनशील त्वचा चढवली. तिचे संकेत उरलेल्या हातातील नसांपर्यंत विजेच्या सौम्य स्पंदनांनी पोहोचवले. त्या व्यक्तीला गोल वस्तू आणि टोकदार वस्तू यांतला फरक जाणवला, टोचल्याचं दुखणंसुद्धा!

कुणी म्हणेल, "आधी कारखान्यातल्या रोबोटसाठी बनू द्या, स्वस्त झालं की माणसालाही मिळेल." त्यात तथ्य आहे, पण ते आपोआप होणार नाही. शेतातली धूळ, घाम, रोजचं काम सोसणारी त्वचा बनवणं आणि ती नसांशी जोडणं हे वेगळंच काम आहे. त्यासाठी कुणीतरी मुद्दाम झटलं पाहिजे, पैसा लावला पाहिजे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी इंजिनिअर झालंच, तर अंडं उचलणारा रोबोट जरूर बनवा. पण त्याआधी लेकीचं बोट हातातून सुटलं, हे न बघता कळेल असा हात एका बापासाठी बनवा.