मोठी वीज मागणाऱ्याने आधी लिहून द्यावे

मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



आमच्या सिन्नरजवळ 1350 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प वर्षानुवर्षे बंद उभा राहिला. 270 मेगावॅटचे पाच संच, पण वीज विकत घेण्याचा करार नाही. मागणीचा अंदाज चुकला, फटका कर्ज देणाऱ्यांना बसला. करार असता तर हा फटका आमच्या बिलात आला असता. दाभोळ आठवते ना? एन्रॉनची वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे राज्य वीज मंडळाला मोजावेच लागत.

आता अंदाज बांधणार आहेत डेटा सेंटरवाले. शंभर मेगावॅटचे एक केंद्र म्हणजे नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातील 210 मेगावॅटच्या एका संचाची जवळजवळ निम्मी क्षमता. त्यांना विरोध नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांवरच नाशिक वाढले. रात्रंदिवस सारखा भार घेणारा ग्राहक तर कुणालाही हवा.

पण त्याने सांगितलेल्या आकड्यावर उपकेंद्रे, वाहिन्या, वीजखरेदी ठरते. पुढे त्याने निम्माच भार उचलला तर उरलेला खर्च आमच्या बिलात? मागणी आकार आहे, पण करार मागणी अर्ज करून कमीही करून घेता येते. शिवाय 2003च्या कायद्याने एक मेगावॅटच्या वरच्या ग्राहकाला खुल्या प्रवेशातून दुसरीकडून वीज घेण्याची मुभा आहे. त्यावर अतिरिक्त अधिभार आहे खरा, पण ती ग्राहक निघून गेल्यानंतरची वसुली.

अमेरिकेत ओहायोच्या नियामकाने जुलै 2025 मध्ये एका कंपनीच्या क्षेत्रासाठी नियम केला: 25 मेगावॅटच्या वरच्या नव्या डेटा सेंटरने वापर कितीही होवो, मागितलेल्या विजेच्या किमान 85 टक्क्यांचे पैसे बारा वर्षांपर्यंत भरायचे. आकडे आपल्याकडे वेगळे ठेवा. तत्त्व तेच हवे. दीर्घ मुदतीचा करार, भक्कम बँक हमी, स्वतंत्र वर्गवारी, आणि कोणी किती मेगावॅट मागितले याची जाहीर यादी.

यात जाचक काही नाही. निफाडचा शेतकरी कोटेशन आधी भरतो, मग पंपाच्या जोडणीची वाट बघतो, आणि पाळी रात्रीची आली की बिबट्याच्या धास्तीत बॅटरी घेऊन पाणी भरायला जातो. पैसे आधी, वीज नंतर, हे त्याला पाठ आहे.

या विषयावर स्वतंत्र जनसुनावणी घ्या. एक नाशिकलाही ठेवा.

आपला,
नाशिकचा एक वीजग्राहक